'तू'वर अडलेली तान

भुकूम, मंगळवार

आमच्या नव्या संगीत नाटकातली नायिका, मीरा, आज तालमीत हटूनच बसली. "काका, 'माझे गाव तू' म्हणताना वरच्या सुरात आवाज कोंडतो. तानेला 'आ'कार द्या." पदं मी लिहायची की हिच्या गळ्याने? त्या 'तू'साठी तर सगळं पद लिहिलं!

घरी येऊन धुमसत होतो. बायको, शकुंतला, पर्स विसरून बसस्टॉपकडे निघालेली. गॅलरीतून हाक मारली, "शकूऽऽ!" समोरच्या बांधकामाच्या खडखडाटात तिला ऐकूच गेलं नाही. पुन्हा, "शकूऽऽ!" छे. शेवटी वैतागून "शकुंतलाऽऽ!" तशी गर्रकन वळली.

"व्हय, आलं ऐकू! लई वरडू नगा!"

आत आलो आणि चडफडत 'तू' खोडून तिथे 'आ'ला जागा केली. मीराला उद्या सांगेन. आज तिलाही तळमळू दे.