बापूंच्या नावानं

प्रिय दीपा,

प्रसेनजित सरांनी माझ्या मानेवर सुरी ठेवली आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख पाहिजे, आणि विषय काय, तर 'नेतृत्वानं मला काय शिकवलं'. शिबिरात मी गटप्रमुख होते, जिल्ह्याची ढाल आणली. ती ढाल अजून आमच्या टीव्हीवर उभी आहे आणि कमलीबाई, म्हणजे माझी याडी, आई, सणावाराला तिलाही हळद-कुंकू लावते. त्यामुळे लेख मीच लिहायचा असं सरांनी परस्पर ठरवून टाकलं. मी बसलेही. 'नेतृत्व म्हणजे जबाबदारी' इथपर्यंत गाडी जाते आणि मग रुतते. शेवटी तोच कागद उलटा केला आणि तुला लिहायला घेतलं. फोन का केला नाहीस म्हणून ओरडशील, पण माझा फोन सध्या याडीच्या कमरेला आहे. तो तिथे कसा गेला तेही सांगते.

तांडा पुन्हा भरलाय. ऊसतोडीला गेलेले सगळे परतले, बंद दारं उघडली, आणि त्यांच्याबरोबर भांडणंही परत आली. मानोऱ्यात ऊन असं की कॉलेजातून येताना जीपची दांडी धरवत नाही. अर्धांगवायूनंतर बापू होते तसेच. उजवा हात मांडीवर पडलेला, दिवसभर लिंबाखाली खाटेवर, आणि बोलणं तेच, तोंडात घास धरून बोलल्यासारखं. होळीला तू आलीस तेव्हा त्यांनी तुला वऱ्हाडीत काहीतरी विचारलं आणि मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तू उत्तर देऊन मोकळी! "माह्या आबाचं असंच होतं, मले सारं समजते," म्हणालीस. तुझ्या उकंडराव आजोबांच्या उशाशी तू लहानाची मोठी झालीस हे मला तेव्हा कळलं. बापू आजारानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. याडी आत जाऊन रडली. मला मात्र त्या दिवशी तुझा थोडा राग आला होता, आणि तो का आला हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

तुला आमची पद्धत माहीत आहे. तांड्याच्या नायकानं चार लोकांत स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय काही पक्कं होत नाही, तंटा मिटत नाही की सगाई होत नाही. त्यामुळे भाऊसिंग नायकाची, म्हणजे बापूंची, जीभच गेली म्हटल्यावर आता सगळं त्यांच्या हाताखालच्या सेवादास कारभाऱ्याकडे जाणार, असं लोक धरून चालले होते. पण बापूंचं बोलणं मला समजत होतं. मी त्यांच्या खाटेशी बसायचे, ते बोलायचे, मी मोठ्यानं सांगायचे. पोरीची जात, नसाबीत तोंड उघडते, म्हणून कुरकुर झाली. पण शब्द नायकाचा आहे म्हटल्यावर नसाबीला, आमच्या बैठकीला, तो ऐकावाच लागला. शिबिरात शिट्टी फुंकून पोरं रांगेत उभी करताना मला जे वाटायचं, त्याच्या कितीतरी पट इथे वाटायचं. भीती वाटायची, आणि आवडायचंही.

कारभाऱ्याच्या भावानं बोअरवेलकडे जाणारा रस्ता नांगरून टाकला, ते तुला सांगितलं होतं. त्या नसाबीत कारभारीच भावाची बाजू मांडत होता आणि कारभारीच बापूंच्या तोंडून निघालेल्या आवाजाचा आपल्या सोयीनं अर्थ लावत होता. बापू एवढंच म्हणाले, रस्ता मोकळा करा. मी ते सांगितलं, आणि पुढे आणखी एक वाक्य जोडलं, की ज्याच्या घरची गोष्ट असेल, त्याच्या घरच्यानं यापुढे नायकाचा शब्द सांगायचा नाही. हे वाक्य बापूंचं नव्हतं, दीपा. माझं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हातारी धनीबाई म्हणाली की नायकाचं डोकं अजून शाबूत आहे, आणि मी घरी येऊन गालातल्या गालात हसले.

मग दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. लेकरं बरोबर न्यायची की शाळेसाठी ठेवायची, यावर नसाब बसली. बापू म्हणाले, ज्याची त्याची लेकरं, ज्याला त्याला ठरवू द्या. मी उभी राहिले आणि सांगितलं, "बापू म्हणतात, लेकरं इथंच राहतील, म्हाताऱ्या मिळून रांधतील." माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. बापू माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला, म्हणजे बैठक संपली. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातचा घास घेतला नाही. ताप असेल, असं मी तुला फोनवर म्हणाले होते. ताप नव्हता गं. लेकरं यंदा शाळेत राहिली, धनीबाईच्या अंगणात एकत्र जेवली, पोरींची परीक्षा बुडाली नाही. हे सगळं चांगलंच झालं, आणि हे मी कसं केलं ते मी कुणालाही सांगू शकत नाही. सांगितलं तर एकेक करून सगळेच निवाडे उसवतील, नांगर पुन्हा रस्त्यावर येईल. आता लिही म्हणावं लेख!

आणि मी कुठे जाऊही शकत नाही. अमरावतीला तुझ्या खोलीत माझ्यासाठी खाट ठेवलीस, प्रवेशाची तारीख कळवलीस, आणि मी 'बघते, बघते' करत राहिले. मी गेले तर नायक मुका होतो. शिबिरात तू म्हणायचीस की आपल्यावाचून अडणार नाही असं काम उभं करावं. मी नेमकं उलटं करून बसले. माझ्यावाचून सगळंच अडतं, आणि त्यात मीही अडकलेय. कधी कधी रात्री उठून दार उघडावंसं वाटतं, पण दार तर उघडंच असतं.

आता फोनचं. कारभाऱ्यानं माझ्यासाठी स्थळ आणलंय. त्याच्याच बहिणीचा मुलगा, दिग्रसकडचा, स्वतःच्या दोन जीपा. मुलगा वाईट नाही, एकदा बोललाही नीट. पण मला आत्ता लग्न नको आहे. मला शिकायचंय, आणि हे वाक्य मी अजून घरात कुणासमोर पूर्ण बोललेले नाही. याडी म्हणते, घरचा माणूस आजारी, पोरगी मार्गी लागलेली बरी. लग्न ठरेपर्यंत बाहेर बोलणं नको, म्हणून फोन तिच्याकडे. रविवारी मुलाकडचे येतील, नसाब बसेल, आणि बापूंनी हो किंवा नाही सांगायचं. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की बापू काहीही म्हणोत, मी उभी राहून सांगणार, "बापू म्हणतात, पोरगी आधी शिकेल." जमलं असतं. आजवर जमलंच आहे.

पण काल कारभारी तांड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन बापूंच्या खाटेशी येऊन बसला. बोलला आमच्या गोरमाटीत, तुझ्यासाठी वऱ्हाडीत सांगते. "नायका, तूच ठरोलं होतं ना, ज्याच्या घरची गोष्ट त्यानं शब्द सांगाचा नाही? मंग आता मंजू कशी सांगन? मी सांगतो ना, काहून घाबरतं?" आणि माझ्याकडे बघून असा काही हसला! माझ्याच वाक्यानं माझं तोंड बांधलं. ते वाक्य बापूंचं नव्हतंच, असं ओरडायचं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. मग मी त्याला म्हणाले, तुम्ही तर मुलाचे मामा, तुम्हालाही ते लागू होतं. मग बापूंचं बोलणं समजणारं तिसरं कोण आहे, म्हणून म्हाताऱ्यांनी विचारलं. शेवटी धनीबाई म्हणाली, "होळीले आली होती ना ते कामरगावची पोरगी? तिले समजते. बलावा तिले." बाहेरची, म्हणून थोडी खळखळ झाली, बापूंनी तुझ्यासाठी वऱ्हाडीत बोलावं लागेल म्हणूनही झाली, पण दुसरा इलाज कुणाकडेच नव्हता. कारभाऱ्यालाही हो म्हणावं लागलं.

तर दीपा, लेखाच्या कागदावर हे एवढं लिहिलं ते यासाठी. उद्या सर अमरावतीला येतायत, त्यांच्याच हाती देते. रविवारी सकाळच्या गाडीनं ये, आणि बापूंच्या खाटेशी, माझ्या जागेवर बस. मला वाचवायला मात्र येऊ नकोस. बापू जे म्हणतील तेच सांग. हो म्हणाले तर हो सांग, तुझा आवाज कापला तरी सांग. त्यांच्या मनात काय आहे ते मला खरंच माहीत नाही. परवा मी त्यांना विचारलं, ते बरंच काही बोलले, आणि मला त्यातलं नेमकं मला हवं होतं तेवढंच ऐकू आलं. इतके दिवस त्यांच्या नावानं बोलून बोलून माझा कान बिघडलाय. एकदा तरी माझ्या बापाचा शब्द त्याचा म्हणून तांड्यानं ऐकावा, आणि मीही ऐकावा. तो झाला की मी उठणार आहे. लेकरांचा निवाडा कुणाचा होता ते सांगणार आहे, रस्त्याच्या वेळचं ते वाक्य कुणाचं ते सांगणार आहे, आणि मग माझं उत्तर सांगणार आहे. त्या वेळी तू माझ्याकडे बघ. कारण तेव्हा वाक्याच्या आधी 'बापू म्हणतात' नसेल, आणि त्याच्याशिवाय मला चार लोकांत बोलता येतं की नाही, हे मला अजून माहीत नाही.

रविवारी फाट्यावर उभी असलेली,
तुझीच,
मंजू