निरंजनच्या नावापुढचा रकाना

पिंपळथड,
१० नोव्हेंबर २०२५

चि. निशा हिस वामनकाकाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या फोनवर मी भलतंच काही उत्तर दिलं म्हणून तुझी काकू दिवसभर हसत होती. कानांनी आता पार दगा दिला आहे, तेव्हा महत्त्वाचं ते पत्रातच लिहीत जा.

तुझ्या कॉलेजची पोरं सर्व्हेला येणार हे ग्रामसभेत मीच सांगितलं. सरपंच वंदनाबाई म्हणाल्या की त्या सर्व्हेचा कागद गावाला नगर परिषद मिळावी या अर्जाला जोडू. काही जण घरपट्टी वाढेल म्हणून कुरकुरले. मी उठून विचारलं, की ज्या गावात दोन बँका, तीन मेडिकल, चिप्सचे चार कारखाने आणि घराघरांत पावरलूम, त्याला खेडं कोणत्या तोंडाने म्हणायचं? टाळ्या पडल्या. त्या मला ऐकू आल्या, एवढ्या मोठ्या होत्या. पस्तीस वर्षं पटवारी होतो, या गावची वीत न् वीत मोजली आहे. ते वाढलेलं मला दिसणार नाही तर कोणाला?

तुझ्या बाबांना सांग, लालबागेत राहून भावाला विसरू नका. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
वामनकाका


लालबाग, बुऱ्हानपूर,
३ डिसेंबर २०२५

ती. वामनकाका यांस निशाचा शि. सा. नमस्कार.

काकूंनी दिलेलं लोणचं बाबांनी चार दिवसांत संपवलं. आम्ही सहा जण वीस दिवस गावात फिरलो, एकाही घरातून चहाशिवाय सुटलो नाही.

आता निकाल. जनगणनेच्या हिशोबाने गावाला शहर म्हणायला तीन अटी आहेत. वस्ती पाच हजारांच्या वर हवी. आपली सहा हजारांवर आहे. दर चौरस किलोमीटरला चारशे माणसं हवीत. ती तर कधीच झाली. तिसरी अट, कामावरच्या शंभर पुरुषांपैकी पंचाहत्तर शेतीबाहेर कमावणारे हवेत. आपल्याकडे कामकरी पुरुष सोळाशे. शेतीबाहेरचे बाराशे लागतात, भरले अकराशे बासष्ट. अडतीस कमी पडले. (चिप्सच्या कारखान्यातल्या बायका का धरत नाही, असं काकूंनी विचारलं होतं. त्या या अटीत बसत नाहीत, म्हणून त्यांचं पान मी वेगळं केलं आहे.) आणि अटी पुऱ्या झाल्या तरी नगर परिषद द्यायची की नाही ते सरकार ठरवतं.

पण काका, एक गोष्ट खटकली. पुष्कळ घरांत मुलगा कामावर होता आणि फॉर्म वडिलांनी सांगितला. बहुतेक सगळ्यांनी मुलाच्या कामापुढे 'शेती' लिहायला लावलं. प्रश्न जमीन कोणाची असा नव्हता, वर्षातला जास्त काळ माणूस काय करतो असा होता. आपल्या घरचा फॉर्म माझी मैत्रीण चारुलता हिने भरला. त्यात निरंजनदादापुढेही शेतीच आहे. दादाचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान तर स्टेशन रोडवर आठ वर्षं चालू आहे, आणि शेत कडूभाऊ अर्ध्या वाट्याने करतात. लहान तोंडी मोठा घास घेतला, पण तुम्हाला नाही विचारायचं तर कोणाला?

राग आला तरी लोभ सोडू नका.

तुमची,
निशा


पिंपळथड,
९ डिसेंबर २०२५

चि. निशा हिस आशीर्वाद.

मी सांगितलं ते बरोबर सांगितलं. आपली आठ एकर केळी आहे. ज्याच्या बापाने सगळ्या तालुक्याची जमीन कागदावर चढवली, त्याचा मुलगा हाताला काळं फासून दुसऱ्यांच्या जळक्या मोटारी उघडतो, हे मी परक्या पोरीला सांगू? त्याला मी बी. एस्सी. ॲग्री केलं ते यासाठी नाही.

काकूला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने विचारलं, की गाव शहर झालेलं चालतं, मग पोरगा मिस्त्री झालेला का चालत नाही? तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. हे तुझं काम.

थंडी फार आहे, जपून राहा.

काका


लालबाग,
१३ डिसेंबर २०२५

ती. काकांस नमस्कार.

तुमच्या सहीशिवाय तुमच्या फॉर्मातलं एक अक्षरही खोडणार नाही. तुम्ही शेती म्हणाल तर शेतीच राहील. हवं तसं नाही, आहे तसं लिहायचं, हे मी पाचवीत तुमच्या दप्तरापाशी बसून शिकले. जिथे वडिलांनी सांगितलं होतं त्या सगळ्या घरांत २१ तारखेच्या रविवारी आम्ही पुन्हा जातोय. आपल्या घरी येऊ की नको, तेवढं कळवा.

तुमची,
निशा


पिंपळथड,
२८ डिसेंबर २०२५

चि. निशा हिस काका-काकूंचे भरभरून आशीर्वाद.

'ये' एवढा निरोप मी पाठवला, पण त्या रविवारचं एक तुला सांगायचं राहिलं. तू विचारलंस, "निरंजन काय करतो?" मी म्हणालो, "मोटारी दुरुस्त करतो." इतकंच. पण आठ वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. दारात गजानन तेली उभा होता, त्याने ऐकलं आणि तोही आपल्या घरी तुझ्या पोरांना बोलावून गेला. त्याचा मुलगा नेपानगरला नोकरीला आहे, आणि कागदावर कापूस पेरत होता.

काल ग्रामसभेत वंदनाबाईंनी तुझा कागद वाचला. बाराशे एकतीस. लोक उठून उभे राहिले. मग त्यांनी बायकांचं पान वाचलं, तेव्हा मागच्या रांगेतून जास्त आवाज आला. अर्ज जाईल, सरकार काय म्हणेल ते म्हणेल. गाव काय झालं आहे ते आम्हाला कळलं.

आज सकाळी मी निरंजनच्या दुकानात गेलो. आठ वर्षांत पायरी चढलो नव्हतो. त्याने स्टूल पुसून पुढे केलं. तांब्याची तार किती बारीक असते गं! तो ती मोटारीच्या आत मोजून मोजून गुंडाळत होता, एकही फेरा चुकत नव्हता. साखळीने शेत मोजताना माझा व्हायचा, तसाच त्याचा चेहरा झाला होता. तेवढ्यात चांदनीहून एक शेतकरी पाण्याची मोटार घेऊन आला. इतक्या लांबून का आलास असं मी विचारलं, तर मोठ्याने म्हणाला की हात असा दुसरीकडे नाही. मग मला विचारू लागला, बाबाजी, तुम्ही कोण?

मी म्हणालो, "निरंजन मिस्त्रीचा बाप."

निरंजनने मान वर केली नाही. तार मात्र त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली.

सुट्टीत ये, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझा,
वामनकाका