गंगा दिसली की माणूस थरथरतो

अण्णा, राजघाटावरचं आपलं लहानसं टेशन आता वाढवताहेत. नव्या रुळांसाठी टेकडी खणली, तर खालून खापरं निघाली, विटांच्या भिंती निघाल्या. परवा दूधवाला सांगत होता, हाडंसुद्धा निघाली. ऐकलं आणि मी तुम्हाला हा कागद लिहायला घेतला. ही जागा उकरू नये, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. रेल्वेचा पूल बांधताना गंगेनं माणसं ओढून नेली, ती अंगावर लोखंड फुकट घालू देत नाही, असं जेवता जेवता सांगायचात आणि आई डोळे वटारायची.

आपण तीर्थोपाध्ये, यात्रेकरूंना घरी उतरवून त्यांचे विधी करणारे. देशावरचे यजमान रेल्वेनं यायला लागले तसे तुम्ही त्यांना उतरवून घ्यायला टेशनावर जायला लागलात, आणि बायकांना धीर वाटावा म्हणून मला दुर्गाघाटाहून, सासरून, बोलावून न्यायचात. सासूबाई कुरकुर करायच्या, पण तुमच्यापुढे कुणाची शहामत! प्लेगच्या साली कँटच्या मोठ्या टेशनावर डॉक्टर बसवला होता. तो बायकांच्याही काखा चाचपायचा आणि ताप निघाला की सरळ तंबूत धाडायचा. तुम्हाला ते बघवेना. आपल्या टेशनावर तपासणी नव्हती, म्हणून तुम्ही यजमानांना पत्रं घातलीत, की पूल ओलांडला की पहिल्याच टेशनावर उतरा, आम्ही उभे असू.

ती दुपार मला अजून दिसते. फलाटावर दुसऱ्या उपाध्यांना तुम्ही सांगताय, माझ्या लेकीमुळे बायामाणसं निर्धास्त उतरतात. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही चारचौघांत माझं कौतुक करताय, आणि मी पदर सावरून ताठ उभी आहे. गाडी आली. साताऱ्याकडची एक बाई, नवरा बरोबर, दारातच थरथर कापतेय, डोळ्यांतून पाणी. पुलावरून पहिल्यांदा गंगा बघून आलेली कितीतरी माणसं आपण तशी पाहिली होती. तुम्ही हात जोडलेत आणि मला म्हणालात, "बघ, गंगा दिसली की माणूस थरथरतो. याला म्हणतात भाव." मी तिला हात दिला. तव्याला लागावा तसा माझा हात पोळला. ती माझ्या कानाशी म्हणाली, "बोलू नकोस गं बाई. इथवर आलेय, एक बुडी घेऊ दे." मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

एक्क्यातून दूधविनायकाच्या आपल्या घरापर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. दारात आईनं तिचे पाय धुतले, रीतच आहे आपली. तेव्हा आई माझ्याकडे बघून हसली आणि मी मान फिरवली. तिसऱ्या दिवशी तुळशीपाशी उंदीर मरून पडला. त्याच संध्याकाळी ती बाई गेली. आईनं तिचं सगळं केलं होतं, उशाशी बसून, स्वतःच्या हातानं. आठवडाही झाला नाही, आई गेली.

त्यानंतर तुम्ही टेशनाची पायरी चढला नाहीत. शिंदे घाटावर बसून येईल त्याला एकच सांगायचात, मला ओळखता आलं नाही, थरथर बघून मला भाव वाटला. मी डबा घेऊन यायची आणि शेजारी बसून ऐकायची. एकदा तुम्ही घास हातात धरून थांबलात आणि विचारलंत, "तुझ्या हातात होता ना गं तिचा हात? तुला काही जाणवलं का?" मी म्हणाले, "गार होता, अण्णा." तुम्ही मान हलवलीत आणि जेवायला लागलात. अकरा वर्षं, शेवटच्या श्वासापर्यंत, तुम्ही तो दोष एकट्यानं वाहिलात, आणि मी वाहू दिला.

त्या बाईची दया आली म्हणून गप्प बसले, असं इतकी वर्षं मी मनाला समजावलं. दया आली होती, खोटं नाही. पण त्याआधी तुम्ही माझं कौतुक केलं होतं, आणि त्यावर लगेच पाणी पडू नये असं मला वाटलं. एवढंच होतं ते.

हा कागद गंगेत सोडायचा म्हणून सकाळी घाटापर्यंत नेला आणि तसाच परत आणला. तुम्ही दोघंही त्याच पाण्यात आहात, अण्णा, आणि आईला हे अजून ठाऊक नाही.