पहिली सुई आपल्या माणसाला

४ मार्च

बॉसनं आज सुई हातात दिली! सत्तेचाळिसाव्या वर्षी!

बावीस वर्षं नकाशे ट्रेस केले. मग मशीन आलं आणि ऑफिसनं आम्हाला नारळ दिला. घराखालच्या टॅटूच्या दुकानात गेले ती निव्वळ पोटासाठी — ‘स्टेन्सिल काढायला माणूस हवा’ अशी पाटी होती, म्हणजे गोंदायचं चित्र आधी कागदावर ट्रेस करायचं. बॉस माझ्या निम्म्या वयाची, मानेपर्यंत गोंदलेली. मला काकू म्हणते. आज म्हणाली, “काकू, तुमची रेघ जराही हलत नाही. कागदावर कशाला वाया घालवताय?”

इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. कुणाला, ते ठरेना. जेवून झोपले.

९ मार्च

आधी रबरावर सराव, आज स्वतःच्या मांडीवर. तिसरी रेघ जरा जाड आली. नकाशावर जादा शाई आली की आम्ही ब्लेडनं हलकेच खरवडायचो. सवयीनं मी टेबलावर ब्लेड शोधायला लागले! बॉस किंचाळली. “अहो काकू, ही कातडी आहे!”

दोघी पोट धरून हसलो. वर खोलीत आल्यावर हसू कुठं गेलं कोण जाणे.

१५ मार्च

तर या दुकानाचा एक नियम आहे. गोंदणाऱ्याच्या खुर्चीवर बसायचं तर पहिली सुई आपल्या माणसाला. फुकट. “गिऱ्हाईक बिघडलेलं काम घेऊन निघून जातं,” बॉस म्हणाली, “आपलं माणूस जन्मभर डोळ्यांसमोर राहतं. म्हणून हात जपून चालतो.” पंधरा दिवसांनी जखम भरल्यावर त्या माणसानं परत येऊन दाखवायचं. बॉसनं स्वतः आईच्या मनगटावर पान काढलं होतं. वाकडं आहे म्हणे. आई मिरवते.

“महिनाअखेरपर्यंत तुमच्या कुणालाही आणा. स्टेन्सिलला मी मशीन घेतेय, तेव्हा खुर्ची नाही तर काम नाही. वाईट वाटून घेऊ नका.”

पुन्हा मशीन! आणि कुणालाही आणा — जशी काही माझ्या दारात रांगच लागलीय.

१६ मार्च

ताईला फोन केला. “या वयात ही कसली थेरं? मुलीचं स्थळ बघतोय आम्ही. मावशी काय करते विचारलं तर काय सांगू?” शेवटी म्हणाली, तब्येत सांभाळ.

१९ मार्च

घरमालकीण — “मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हो.” ऑफिसातली मैत्रीण आधी हसली, मग म्हणाली, “बघू हं.” बघू हं म्हणजे नाही, एवढं मला कळतं.

संपली माझी माणसं. तीनच होती. मोजायला बोटंसुद्धा उरली.

२२ मार्च

बॉस बाहेरगावी, दुकान बंद. दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. दुपारी मुद्दाम खोकून बघितलं, आवाज आहे ना.

२६ मार्च

आज लाज गुंडाळून ठेवली. कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारा बसतो. दोनदा छत्री दिली होती त्याच्याकडं, तेवढीच ओळख. दुकानाचा नियम सांगून सरळ विचारलं — माझा भाऊ व्हाल का, तासाभरापुरतं?

त्यानं तोंडातली तार काढली. “दुखतं का?”

“दुखतं.”

“मग येतो. खोटं बोलला असतात तर आलो नसतो.”

आता खोटं बोलायलाच तर नेतेय त्याला!

२९ मार्च

झालं! दंडावर मुंगी. त्यानंच सांगितली. सहा पाय, दोन मिश्या, केसाएवढ्या रेघा. बॉस डोक्याशी उभी. मध्येच तिनं विचारलं, “लहानपणी काकू कशा होत्या हो?” मी सुई उचलून धरली. तो शांतपणे म्हणाला, “हट्टी. रेघ वाकडी आली की पाटी आपटायची.”

खरं आहे ते. त्याला कसं कळलं?

पाऊण तास कुणाचा तरी हात माझ्या हातात होता. याआधी कधी, ते आठवेना. सुई ठेवल्यावरही मी तो क्षणभर सोडला नाही. तो निघाला तेव्हा त्याला सांगितलं, आता परत यायची गरज नाही. पंधरवड्यानं बॉसला सांगेन, भाऊ गावाला गेला.

८ एप्रिल

खुर्ची मिळाली. चार गिऱ्हाइकं झाली. प्रत्येक वेळी बॉस त्यांना सांगते, काकूंनी पहिलं काम भावाच्या दंडावर केलंय. मी मान खाली घालून खुर्ची पुसत राहते.

१२ एप्रिल

सांगून टाकलं. भाऊ नाही, मला कुणीच नाही. बॉस लाल झाली. “फसवलंत मला.” मग म्हणाली, “उद्या सांगते काय ते.”

वर येऊन खूप रडले. सुई जाईल म्हणून, आणि ‘कुणीच नाही’ हे पहिल्यांदाच तोंडानं बोलले म्हणून.

१३ एप्रिल

तो आला! न बोलावता. बाही वर करून बॉसपुढं उभा. “पंधरा दिवस झाले. बघा, बहिणीनं काढलेलं कसं भरलंय.”

मी म्हटलं, अहो, मी त्यांना सगळं खरं सांगितलंय.

माझ्याकडं वळला. चिडला होता. “भाऊ व्हायचं तेव्हा मला विचारलंस. आता नाही व्हायचं, तर मला विचारायला नको?”

बॉसनं त्याचा दंड उजेडात धरला, नीट बघितला. मग म्हणाली, “काकू, भावाला चहा विचारा की.”