लाल बटणाची जागा

प्रिय छकुली,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून. उगाच हुरळून जाऊ नकोस.

तुझं पार्सल पोचलं. चकचकीत तारे, फवारायचा बर्फ, इवलीइवली तयार घरं आणि वर सोनेरी फीत. दुकानांच्या काचा सजवून सजवून तुझं डोकं फिरलंय. आपल्या नाताळच्या देखाव्याच्या खोक्यात विकतचं काही जात नाही, हेही विसरलीस? आईचा एवढा एकच तर नियम होता. चपलांचा रिकामा खोका, जुन्या फोटोची काच, आणि आत घरातल्या प्रत्येकाची एक तरी वापरलेली वस्तू. बाबांच्या निळ्या सदऱ्याचं आभाळ. त्यांच्या दुरुस्तीच्या टेबलावर उरलेल्या घड्याळांच्या चाकांचे तारे. आईच्या उशीतल्या कापसाचा बर्फ. माझ्या फ्रॉकच्या लेसचं कुंपण. आणि काड्यापेटीच्या घराला दार म्हणून तुझ्या कोटाचं लाल बटण. ते तू गिळलं होतंस, आठवतंय? दोन दिवस अख्खं घर तुझ्या मागेमागे फिरत होतं, आणि शेवटी हाती लागल्यावर आईने ते तीनदा धुऊन खोक्यात लावलं. तुझे लाड तेव्हापासूनचे.

आता आईबद्दल ऐक. फोनवर ती 'मी मजेत' म्हणते, कारण तेवढंच तिला पाठ आहे. शेजारणीचं नाव गेलं, न्हाणीघर कुठल्या बाजूला तेही गेलं. पण रोज सकाळी चहा झाला की ती खोका मांडीवर घेते आणि काचेवर बोट ठेवून सांगते, हे त्यांचं, हे माझं, हे थोरलीचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करू द्या, रोज जिभेवर येतं तेवढंच राहील. आणि खरंच तेवढंच राहिलंय.

गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तू काय केलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुझा म्हणे कामाचा हंगाम होता! मी दवाखान्याच्या बाकावर तीन आठवडे काढले, तू फळांची टोपली धाडलीस. वर मलाच फोन करून विचारतेस, टोपली मिळाली का. अगं, लाज कशी वाटली नाही तुला? टोपली काय तिला धरून संडासला नेणार होती?

त्याच रागात मी गेल्या नाताळला खोका उघडला. जुना कापूस काढला, नवा पसरला, नेहमीसारखं मागून पुढे एकेक थर लावत आले, आणि तुझ्या बटणापाशी थांबले. जी घरात पाऊल टाकत नाही तिचं दारावर काय काम, असं म्हणाले आणि नखाने उचकटून कचऱ्यात टाकलं. तिथे पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला, वरून काच लावली. मस्त वाटलं. सुरुवातीला आईचं बोट त्या दारापाशी अडायचं. ती माझ्याकडे बघायची, मी भाजी निवडत बसायची. मग बोट अडायचंही थांबलं.

काल तुझं पार्सल तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, छकुलीने पाठवलंय. तिने फीत हातात घेतली, छान आहे म्हणाली आणि विचारलं, छकुली कोण गं, तुझी मैत्रीण का? खरं सांगू? क्षणभर मला गार वाटलं. बरी जिरली, असं मनात आलं. आणि मग दाराला लावलेला तो पुठ्ठ्याचा तुकडा आठवला. तू आली नाहीस हा तुझा गुन्हा. पण तिच्या बोटाखालून तुला मी काढलंय.

माफी मागत नाहीये, तुझ्यावरचा राग तस्साच आहे. पण तुझं वापरलेलं या घरात आता काही उरलेलं नाही, मी कपाटं उपसून पाहिलीत. अंगावरच्या कपड्याचं एखादं बटण तोड, झिजलेलं, दोरा लोंबणारं. पोस्टाने पाठवलंस तर तसंच परत धाडीन. स्वतः घेऊन ये, आणि ते कोणाचं हे रोज सकाळी तिच्याजवळ बसून तूच सांग. हंगाम गेला खड्ड्यात. यंदाचे सगळे थर लावून झालेत, दाराची जागा मोकळी आहे. काच अजून चिकटवलेली नाही.

तुझीच, त्याला काही इलाज नाही,
ताई