सुजाताचं पिस्तूल आणि रायफल

वसई, शनिवार, डिसेंबर १९९८

लिहायला फार उशीर केला, माफी असावी. तीन दिवस वही उघडलीच नाही, चित्त थाऱ्यावर नव्हतं. उद्या पुण्याला आमची नात सुजाता सकाळी पिस्तुलाच्या स्पर्धेत उतरणार आणि दुपारी रायफलच्या. एकात जरी मागे पडली, तर पिस्तूल सोडायचं, असं तिच्या सरांनी बजावलंय.

मीही तेच म्हणालो होतो. "बाय, दोन डगरींवर हात ठेवू नये."

"आजोबा, तुम्ही वाडीत केळीही लावली नि पानवेलही. तुम्हाला कोणी अडवलं?"

मी उठून पानवेलीला पाणी घालायला गेलो.

पण बुधवारी संध्याकाळी पाहिलं ते मनातून जात नाही. हातात इस्त्री धरून, हात सरळ लांब करून ती भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत उभी होती. पिस्तुलासाठी हाताला सवय लागते म्हणे. मनगटावर डास बसला, रक्त पिऊन फुगला, तरी इस्त्री हलली नाही. मग तिने जाडजूड ताठ जाकीट चढवलं, रायफल खांद्याला लावली आणि सगळी पोरगीच खांबासारखी झाली. एवढी स्थिरता कुठून आणली हिने? माझ्या हातात तर चहाची बशी थरथरते. आणि तो डास... हाकलणार होतो, पण श्वास घ्यायलाही भ्यालो. देवळात तरी इतका गप्प कधी उभा राहिलो?

उद्या दुपारपर्यंत हात दमला तर? बाय, सर पिस्तूल सोड म्हणाले, तर हो म्हणण्याआधी शेजाऱ्यांकडे फोन कर. लवकर कर. मी त्यांच्या ओट्यावरच बसलेला असेन.