ताईचा आवाज बदलला त्याची हकीकत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा अर्धाच पोचला असं समज). गुडघा कसा आहे? दाजींची टोमॅटोची रोपं जगली, की त्यांनाही त्यांनी सल्ले दिले?

इकडे सगळं उत्तम आहे, असं मी गुंतवणूकदारांना कळवतो. तुला खरं सांगतो. तू कंपनी सोडलीस तेव्हा गोळ्यांची आठवण करून देणारं आपलं अ‍ॅप दोनशे म्हाताऱ्यांकडे होतं. दीड वर्षात ते नऊ हजारांकडे गेलं. शिंप्याच्या दुकानामागची खोली सुटली, काचेची केबिन आली (काच इतकी स्वच्छ की मी दोनदा आपटलो, मग कुणीतरी माझ्या नाकाच्या उंचीवर लाल पट्टी चिकटवली). तू म्हणायचीस, "हे काय डोकं लावलंस?" आता सगळे म्हणतात, "छान कल्पना आहे, सर." पुढचा घोळ त्यातूनच झाला.

"गोळी घेतलीत का? पाण्याबरोबर घ्या हं, चहाबरोबर नको," हे तू डोक्यावरून चादर घेऊन अ‍ॅपसाठी रेकॉर्ड केलं होतंस ना, त्यात मागे शिंप्याच्या मशीनची खडखड येते. ते व्यावसायिक वाटत नाही, असं गुंतवणूकदारांचं मत पडलं. मी तुझा आवाज काढून संगणकाचा गोड आवाज बसवला. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "त्या बाईंना बरं नाही का?" चौथ्या दिवशी एका आजींचा फोन आला, त्यांनी तर तीन दिवस रक्तदाबाची गोळीच घेतली नव्हती. म्हणाल्या, "मी तिला रोज सांगायचे, घेतली गं बाई. या नवीन बाईशी माझी ओळख नाही." मी सांगितलं, त्या काम सोडून गेल्या.

"भांडलात वाटतं?"

"हो."

"मोठं कोण?"

"ती."

"मग फोन तू करायचास."

तू रोज दहा जणांना फोन करून विचारपूस करायचीस आणि मी म्हणालो होतो, अशाने कंपनी वाढत नाही, नुसतं बिल वाढतं. स्वतःच्या वाक्यावर मी हसलोसुद्धा. तू डबा उचलून निघून गेलीस. परवा 'स्टार्टअपने मला काय शिकवलं' यावर माझं भाषण झालं. चोवीस स्लाइड होत्या. तू गेलीस, हे एकाही स्लाइडवर नव्हतं. फोन करायला धीर होत नाही, म्हणून हे पत्र.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. नव्या औषधांसाठी थोडी वाक्यं रेकॉर्ड करायची आहेत. अर्ध्या दिवसाचं काम आहे. येशील?

ता. क. २. तसं काही काम नाही. तुझा जुना आवाज सोमवारीच परत बसवला, फोन थांबले, आजींनी गोळी घेतली. तरी ये. मला डॉक्टरांनी कसलीच गोळी दिलेली नाही, पण अ‍ॅपमध्ये मी माझंही नाव घातलं आहे. सकाळी आठ आणि दुपारी दोन.